दिसणारी, पण न सापडणारी मराठी

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावाचे नाव एका दिवसात जगभर गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक इथल्या एका महिलेला देण्यात आला. देशविदेशातल्या वृत्तपत्रांनी टेंभलीवर लिहिले आणि इंटरनेटवर शोधणाऱ्याला ते सारे इंग्रजीत चटकन सापडू लागले. याच तालुक्याबद्दल मराठीत काही शोधायला बसलेल्या माणसाच्या हाती मात्र फार थोडे लागत असे.

लिहिणारी माणसे इथे नव्हती असे नाही. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे शैक्षणिक संकुल आहे. पी. के. अण्णा पाटील यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत आसपासच्या तालुक्यांतली मुले शिकायला येतात. परिसरात केळी, पपई, ऊस, कापूस पिकतो. तापीकाठी प्रकाशाचे तीर्थक्षेत्र आहे आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. अशा ठिकाणी लग्नपत्रिका, हँडबिले, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, स्थानिक साप्ताहिके असा मजकूर सतत तयार होत असतो, आणि तो संगणकावर जुळवायला लागूनही आता कितीतरी वर्षे झाली. तरीही तो शोधणाऱ्याला का सापडला नाही, याचे उत्तर गावात नाही. ते मराठी अक्षरे संगणकात कशी साठवली गेली, त्या इतिहासात आहे.

डीटीपीच्या दुकानात कृतिदेव फॉन्टमध्ये ‘भारत’ हा शब्द टाईप केला, की पडद्यावर ‘भारत’ दिसतो आणि कागदावरही ‘भारत’च छापून येतो. फाइलमध्ये मात्र एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे साठवलेली असतात. रोमन लिपीसाठी केलेल्या घरांमध्ये काना, मात्रा, वेलांटी आणि अर्धी अक्षरे बसवून हे फॉन्ट बनवलेले होते. प्रत्येक कंपनीची घरे वेगळी. म्हणून श्रीलिपीत जुळवलेला मजकूर कृतिदेवात उघडला की अक्षरे फुटत. छपाईपुरते हे चालून जाई, कारण कागद वाचणाऱ्याला आतल्या संकेतांशी काही देणेघेणे नसते. वेबपानावर आल्यावर मात्र हेच मुळावर आले. शोधयंत्राला डोळे नाहीत. ते फक्त साठवलेले संकेत वाचते, आणि त्याच्या लेखी हा मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची निरर्थक माळ होती. नंदुरबारच्या मिरचीवर एखाद्याने उत्तम लेख लिहून वेबवर टाकला, तरी ‘नंदुरबार मिरची’ असे शोधणाऱ्यापर्यंत तो पोचण्याचा मार्गच नव्हता.

यावर वेबवर लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीने आपापल्या वाटा शोधल्या. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही लिप्यंतराची पद्धत १९९१पासूनची. रोमनमध्ये ठरावीक रीतीने टंकायचे आणि देवनागरी मिळवायची, अशी तिची युक्ती. १९९६च्या गणेश चतुर्थीला, १६ सप्टेंबरला, अमेरिकेतून ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. पुढे ‘डायनॅमिक फॉन्ट’ आले. पान उघडताना फॉन्ट आपोआप उतरायचा, त्यामुळे वाचणाऱ्याची सोय झाली. पण आतले संकेत तेच राहिले आणि शोधयंत्र पूर्वीइतकेच आंधळे राहिले. वृत्तपत्रांची संकेतस्थळेही आपापल्या फॉन्टमध्ये होती. बातमी आज वाचता येई, वर्षभराने शोधून काढता येत नसे.

इंग्रजीत याच काळात वेगळ्याच प्रश्नावर चर्चा चालू होती. ऑक्टोबर १९९७मध्ये वेब-वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी आपल्या पाहणीचा निष्कर्ष मांडला: ७९ टक्के वाचक नवे वेबपान नुसते नजरेखालून घालतात, शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्केच असतात. म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगा, परिच्छेद आटोपशीर ठेवा, मथळे अर्थपूर्ण द्या, हा सल्ला तिथून रूढ झाला. मराठी लेखक या सल्ल्यापर्यंत पोचायचा होता. त्याच्या वाचकाला पानावर अक्षरे दिसतील की चौकोन, हेच अजून ठरलेले नव्हते.

तोडगा मात्र तयार होता, आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला होता. पुण्यात १९८८मध्ये सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर सुरू झालेले काम तिथे पुढे गेले. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत १९९१मध्ये भारतीय मानक झाला. युनिकोडच्या त्याच वर्षी आलेल्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरी इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावर बेतलेली होती. यातली मूळ कल्पना फार मोलाची आहे. संगणकाने वर्ण साठवायचा, त्याचा आकार साठवायचा नाही; आकार काढण्याचे काम फॉन्टचे. एकदा ‘भ’चा संकेत जगभर एकच झाला, की कोणत्याही फॉन्टमधला ‘भारत’ हा शोधणाऱ्यासाठी ‘भारत’च राहतो. विंडोज २०००मध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट आला, तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. मराठी वेबलेखनाचा इतिहास सांगताना लेखकांची नावे घेतली जातात, र. कृं.चे नाव त्यांच्या आधी यायला हवे.

तरी तालुक्याच्या गावी हे पोचायला वर्षे लागली. विंडोज ९८वर युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. एक्सपीवर ती होती, पण सीडी घालून वेगळी बसवावी लागे आणि ते करायचे असते हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. सरकारी कचेऱ्यांत जुन्या फॉन्टचाच सराव होता. नोव्हेंबर २००९मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून जाहीर केले. त्याच महिन्याच्या ६ तारखेला महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि देवनागरी लिपीच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला. टेंभलीच्या कार्यक्रमाला तेव्हा एक वर्षही उरले नव्हते.

युनिकोडमध्येही काही खाचखळगे राहिलेच. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला तो एप्रिल २००८च्या ५.१ आवृत्तीत. तोवर ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई. परिणाम असा, की ‘ॲप’ हा दिसायला एकच शब्द दोन प्रकारे साठवला गेला. ‘शेतकऱ्यांना’ मधला अर्धा ‘र’ही दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना फरक कळत नाही, साधा शोध मात्र एका रीतीने लिहिलेले दाखवतो आणि दुसरे सोडून देतो. शेतकऱ्यांसाठी केलेल्या पानावर ‘शेतकऱ्यांना’ हाच शब्द निसटावा, याचे दुःख ज्याने असे पान चालवले आहे त्यालाच कळेल.

या धडपडीच्या काळात दोन चांगल्या गोष्टी घडल्या. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि स्वयंसेवकांनी युनिकोडमध्ये शोधता येईल असा मजकूर लिहायला घेतला. त्याच वर्षी आयआयटी मुंबईत ‘आक्वा’ या उपक्रमाने आकार घेतला. शेतकऱ्याने आपल्या भाषेत प्रश्न विचारायचा, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे आणि ते पुढच्या शोधणाऱ्यासाठी जपून ठेवायचे. यातली खुबी साधी होती: प्रश्नाचे शब्द शेतकऱ्याचे होते. पुढचा शेतकरी शोधताना तेच शब्द वापरणार, म्हणून उत्तर त्याच्यापर्यंत पोचण्याची शक्यता वाढायची. शोधयंत्राला रुचणारे लिहिणे आणि वाचकाला उपयोगी पडणारे लिहिणे हे दोन वेगळे धंदे आहेत, असे पुढे अनेकांनी मानले. आक्वाने ते वेगळे नाहीत हे आधीच दाखवून दिले होते.

सातबाऱ्याचे उदाहरण याच जातीचे. महसुली भाषेत गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. गावात कुणीही असे म्हणत नाही. ‘सातबारा काढायचाय’ असेच म्हणतात आणि शोधतानाही ‘सातबारा’, ‘७/१२’ असेच लिहितात, कुणी तो रोमनमध्ये टंकतो. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ऑनलाइन मिळू लागला. त्याची माहिती देणाऱ्या पानावर फक्त ‘अधिकार अभिलेख’ असते, तर ज्याच्यासाठी ते लिहिले तो शेतकरीच तिथवर आला नसता. लोकांच्या तोंडचा शब्द मथळ्यात आणि कचेरीतला शब्द खालच्या मजकुरात, ही रीत वेबलेखनात टिकली ती त्यामुळेच.

शोधयंत्राला फसवण्याचा इतिहासही जवळजवळ शोधयंत्राइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या शोधयंत्रांसाठी पानाच्या आत, वाचकाला न दिसणारी ‘कीवर्ड’ची यादी देता येई. लोक तिथे वाटेल ते शब्द कोंबू लागले. आपण वेब-शोधाच्या क्रमवारीत ही यादी विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९मध्ये उघड सांगितले. फेब्रुवारी २०११च्या ‘पांडा’ बदलाने कसहीन, इकडून तिकडून उचललेल्या पानांना मागे ढकलायला सुरुवात केली. मराठीत तेव्हा पानेच कमी होती, त्यामुळे हा रोग इथे उशिरा आला. पण आला.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओची मोबाइल सेवा आली आणि स्वस्त डेटा खेड्यात पोचला. गूगल आणि केपीएमजीच्या २०१७च्या अहवालाने २०१६मधले भारतीय भाषांतले इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी आणि इंग्रजीतले १७.५ कोटी असा हिशेब मांडला. २०१८मध्ये गूगलची जाहिरात-सेवा मराठी पानांना मिळू लागली. मराठी मजकुराला आता प्रत्येक भेटीमागे पैसा होता. त्यातून काही चांगली संकेतस्थळे उभी राहिली, लिहिणाऱ्या तरुणांना चार पैसे मिळाले, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच लाटेत सरकारी योजनांवरची एकसारखी पाने शेकड्यांनी आली. योजनेचे पूर्ण नाव दर दोन वाक्यांनी, तीच माहिती फिरवून फिरवून, आणि अर्जाची शेवटची तारीख सर्वांत खाली किंवा कुठेच नाही. मथळ्यांत एक अवतरणचिन्हातला ‘या’ शिरला: ‘या’ जिल्ह्यांना पावसाचा इशारा, ‘या’ शेतकऱ्यांना मिळणार अनुदान. ज्याचा कापूस वेचणीला आला आहे अशा शहाद्याच्या शेतकऱ्याला एवढेच हवे असते, की त्या जिल्ह्यांत नंदुरबार आहे का. ते मथळ्यात सांगता येत असताना लपवून ठेवणे ही वाचकाशी केलेली बेइमानी आहे, आणि तिला कौशल्य म्हणून शिकवले जाते ही त्याहून वाईट गोष्ट आहे.

यंत्रेही दरम्यान बदलली. डिसेंबर २०१९मध्ये गूगलने वाक्याचा संदर्भ समजून घेणारी ‘बर्ट’ ही पद्धत मराठीसह सत्तरहून अधिक भाषांच्या शोधाला लावली. माणसांसाठी लिहिलेल्या उपयुक्त मजकुराला झुकते माप देणारा बदल २०२२मध्ये आधी इंग्रजीसाठी आणि डिसेंबरात सर्व भाषांसाठी आला. शब्द कोंबण्याचा फायदा घटत चालला आहे. नेमके, स्वतः पाहून लिहिलेले, तारीख आणि ठिकाण असलेले लेखन पुढे येण्याची शक्यता वाढली आहे. पण असे लेखन मुळात असायला हवे.

लोणखेड्यासारख्या गावांची अडचण आता तिथे आहे. मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या गावांची पाने मोठ्या संख्येने एकाच साच्यात तयार झाली: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा. मथळे आहेत, पण अनेक पानांवर त्यांखाली गावाबद्दल काहीच नाही. कितीतरी कचेऱ्यांच्या सूचना स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात चढवल्या जातात, म्हणजे फिरून कृतिदेवाच्याच जमान्यात. आणि अहिराणीचे काय? २०११च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे १८ लाखांहून अधिक नोंदले गेले, त्यांत बहुसंख्य अहिराणीचे. जून २०२४मध्ये गूगल भाषांतरात ११० भाषांची भर पडली. त्यांत अवधी, बोडो, खासी, कोकबोरोक, मारवाडी, संताली आणि तुळू या सात भारतीय भाषा होत्या. अहिराणी नव्हती, भिलीही नव्हती. अशा यंत्रांना वेबवर उपलब्ध मजकूर लागतो, आणि या भाषांत तो फारच थोडा आहे.

लोणखेड्याच्या संकुलातल्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. सुरुवात पपईपासून करावी. लागवडीचा महिना, रोगाची लक्षणे, व्यापारी तोडणीला कधी येतो, भाव कसा ठरतो, हे शेतकऱ्याला विचारून, त्याच्याच शब्दांत, युनिकोडमध्ये लिहावे. अहिराणी आणि भिलीतली नावे सोबत द्यावीत. गाव, तालुका, जिल्हा आणि लिहिल्याची तारीख पहिल्या परिच्छेदातच असावी. मग सारंगखेड्याची यात्रा घ्यावी, मग प्रकाशा, मग आपापले गाव.