साठी आणि बुद्धि : एका समजुतीचा इतिहास

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. वडीलधाऱ्यांची स्मृति मंदावली कीं ती उच्चारून आपण मोकळे होतों. या समजुतीला शास्त्रानें कसकसे धक्के दिले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

१९०६ हें वर्ष या इतिहासांत दोन कारणांनीं संस्मरणीय ठरलें. त्या वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं जर्मनींतील ट्युबिंगेन येथें आलोइस अल्झायमर यांनीं एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीच्या मेंदूंतील विकृत द्रव्याचे साठे व पेशींतील गुंतलेले तंतू यांची माहिती वैद्यांपुढें मांडली. पुढच्याच महिन्यांत स्टॉकहोम येथें इटलीचे गोल्जी व स्पेनचे काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. मज्जातंतूंचें जाळें अखंड आहे, असें गोल्जींचें मत. तर पेशी स्वतंत्र असून त्या परस्परांशीं संधान बांधतात, असें काहालांचें प्रतिपादन. लागोपाठच्या दिवशीं दोघांनीं परस्परविरुद्ध व्याख्यानें दिलीं! पुढें काहालांचा पक्ष मुख्यतः खरा ठरला.

तथापि अल्झायमर यांचा रोग मध्यमवयीनांचा आणि म्हातारपणचा विसर हा निसर्गक्रम, ही समजूत कित्येक दशकें टिकली. १९७६ मध्यें अमेरिकन वैद्य रॉबर्ट कॅट्झमन यांनीं तिच्यावर प्रहार केला.

जिवंत मेंदूंतील निरनिराळ्या भागांचा मेळ पाहण्याचा मार्ग पुढें एमआरआय यंत्रानें खुला झाला. १९९५ सालीं भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, मनुष्य स्वस्थ पडला असतांही हालचालींचें नियंत्रण करणारे मेंदूचे डावे-उजवे भाग एका लयींत चालतात. १९९९ मध्यें रोनाल्ड पीटरसन व सहकाऱ्यांनीं ‘सौम्य बोधक्षया’चें स्वरूप स्पष्ट केलें : स्मृति वयाच्या मानानें उणी, पण नित्यव्यवहार शाबूत. अशा वृद्धांच्या मेंदूंत स्मृतीशीं निगडित दूरदूरच्या भागांचा मेळ पुष्कळदां शिथिल दिसतो. कांहीं ठिकाणीं तो उलट वाढलेलाही आढळतो. आमच्या आमगांवच्या लोहमार्गाचेंच उदाहरण घ्या. गोंदिया व डोंगरगड हीं स्टेशनें जागच्या जागीं आहेत. पण मधल्या गाड्यांचा मेळ बिघडला, तर टपाल वेळेवर कसें पोंचावें?

मात्र अशा चित्रांवरून एकेका व्यक्तीचें भविष्य अद्याप खात्रीनें वर्तवितां येत नाहीं. सौम्य बोधक्षय झालेला प्रत्येकजण स्मृतिभ्रंशाकडेच जातो असेंही नाहीं. कित्येक तसेच राहतात, कांहीं सुधारतातही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, मनाची उदासीनता यांवर तर उपाय आहेत. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतांत साठी गांठलेल्या सुमारें ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हां आजोबांनीं एकच गोष्ट तिसऱ्यांदां विचारली, तर म्हणीचा आधार न घेतां डॉक्टरांचा घ्यावा, हेंच उचित.