पाऊस तोच, रान कुठे?

विंझरला उभे राहून पश्चिमेस तोरण्याकडे पाहिले, की उघडे उतार नजरेत भरतात. पावसानेच दगा दिला, असे मलाही पूर्वी वाटे. इतिहास निराळे सांगतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, अरबी समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता. नैर्ऋत्य मोसमी वारे दुबळे होते. १०,००० वर्षांमागे पाऊस बळावला, सह्याद्रीवर रान दाटले. ४,००० वर्षांमागे तो पुन्हा ओसरला. तरी या भागात ज्या देवराया उरल्या, त्यांत अजून गर्द झाडी आहे. लगतच्या बोडक्या उतारावरही तोच पाऊस पडतो. मग रान नेले कोणी? राबासाठी फांद्या छाटणाऱ्या, कोळशाच्या भट्ट्या पेटविणाऱ्या हातांनी. हा हिशेब आभाळाच्या नव्हे, आपल्याच नावावर आहे.