लाखकाम, सावंतवाडीचे

लाकूड, कापड, कागद इत्यादींच्या पृष्ठावर लाखेचे पातळ थर देऊन व ते घोटून झिलई आणण्याच्या कलेस लाखकाम म्हणतात. महाराष्ट्रात या कलेचे प्रमुख केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे होय. लाखेचा लेप दिलेली लाकडी खेळणी, रंगीत पाट, फळे-भाज्यांच्या प्रतिकृती आणि हस्तचित्रित गंजिफा यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांचा परंपरागत वर्ग चितारी या नावाने ओळखला जातो व त्यांच्या वस्तूंची पेठ चितारआळी म्हणून परिचित आहे.

लाख हा पळस, बोर, कुसुंब यांसारख्या वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा राळयुक्त स्राव होय. फांद्यांवरून खरवडून, धुऊन व वितळवून शुद्ध केलेली लाख पातळ पत्र्यांच्या रूपात मिळते. तिला चपडा लाख म्हणतात. ती अल्कोहॉलमध्ये विरघळते, पाण्यात विरघळत नाही आणि उष्णतेने मऊ होऊन थंड झाल्यावर पुन्हा कठीण होते. लाखकामाच्या दोन्ही प्रमुख पद्धती या गुणधर्मांवर आधारलेल्या आहेत. भारतात लाखेचा उपयोग प्राचीन आहे. महाभारतातील लाक्षागृहाची कथा सर्वश्रुतच आहे. लाखेच्या शास्त्रीय अभ्यासासाठी रांचीजवळील नामकुम येथे १९२४ मध्ये संशोधनसंस्था स्थापन झाली.

सावंतवाडीत ही कला रुजली ती भोसले घराण्याच्या आश्रयाने. तिसरे खेमसावंत (कार. १७५५–१८०३) यांच्या काळात दरबारी आलेल्या तेलंगी पंडितांकडून गंजिफेचा परिचय झाला व स्थानिक चिताऱ्यांनी ती घडविण्यास आरंभ केला, अशी परंपरा सांगितली जाते. गंजिफेची पाने वर्तुळाकार असतात. मोगल गंजिफेत ८ रंगांची ९६ पाने, तर दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांवरून १० रंगांची १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व १ ते १० अशी एकूण १२ पाने येतात. हातांत सतत फिरणाऱ्या या पानांना टिकाऊपणा व गुळगुळीतपणा लाभावा, म्हणून त्यांवर लाखेचा लेप आवश्यक ठरला.

गंजिफेच्या जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून वाळवीत. त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटीत, पाने गोल कापीत, रंगवीत आणि अखेरीस लाखेचे रोगण देत. पुढे कापडाऐवजी जाड कागद वापरण्यात येऊ लागला. लाकडी वस्तूंची पद्धती वेगळी आहे. कातलेली वस्तू चरकावर फिरत असता रंग मिसळलेल्या लाखेची कांडी तिच्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन पृष्ठावर पसरते. नंतर केवड्याच्या पानाने, थोडे तेल लावून, ती घोटतात. केवडा वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंतच्या किनारपट्टीवर विपुल आढळतो. त्याच्या चिवट पानाचे काम दुहेरी असते : ते लाख समप्रमाणात पसरविते आणि तिला चकाकीही आणते. हलक्या खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे मऊ लाकूड सोयीचे मानले जाते.

थरांनी चकाकी का वाढते, हा प्रश्न केवळ कारागिरीचा नसून प्रकाशविज्ञानाचाही आहे. खडबडीत पृष्ठावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व त्यामुळे रंग फिका दिसतो. पारदर्शक लेपाने सूक्ष्म खळगे भरून निघाले म्हणजे विखुरणे कमी होते, परावर्तन एकाच दिशेने होते आणि खालचा रंग गडद व खोल भासतो. मात्र थरांची संख्या वाढविल्याने खोली अमर्याद वाढत नाही. चरकावर दिलेला नवा थर उष्णतेने खालच्या थराशी एकजीव होतो; म्हणून अखेरची झिलई मूळ लाकडाच्या सफाईवर व घोटण्याच्या कौशल्यावरच मुख्यतः अवलंबून असते.

मोटारगाड्यांच्या झिलईसही हाच नियम लागू पडतो. प्रारंभीच्या गाड्यांचे रोगणकाम वाळण्यास कित्येक आठवडे लागत. १९२०–३० या दशकात नायट्रोसेल्युलोजयुक्त लेप प्रचारात आल्यावर हा काळ अतिशय कमी झाला. अशा लेपांच्या रक्षणासाठी व चकाकीसाठी कार्नोबा मेण वापरले जाते. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर ते साचते. पाने तोडून, वाळवून व झोडपून ते मिळवितात. त्याचा वितळबिंदू सु. ८२°–८६° से. असून मधमाश्यांच्या मेणाचा (सु. ६२°–६४° से.) विचार करता ते बरेच कठीण व उष्णतारोधी होय. पहिल्या थरातून सुटलेल्या जागा दुसऱ्या थराने भरून निघतात. त्यानंतरच्या थरांचा लाभ अल्प असतो, कारण नव्या मेणातील द्रावक आधीच्या थराचा काही अंश विरघळवितो. रेडीसारख्या, लोहखनिजाच्या खाणी व बंदर असलेल्या किनारी गावी खारी हवा आणि तांबडी धूळ या दोहोंपासून गाडीचे रक्षण करावे लागते. अशा ठिकाणी धूळ पाण्याने पूर्णपणे धुऊन काढल्याखेरीज मेण घासल्यास कठीण कण लेपावर ओरखडे पाडतात व थर कितीही चढविले तरी चकाकी येत नाही. पृष्ठाची शुद्धी आधी व झिलई नंतर, हा क्रम चितारी व मोटार झिलई करणारा या दोघांनाही सारखाच पाळावा लागतो.

लाखेस मर्यादाही आहेत. ती सु. ७५°–८०° से. तापमानास वितळते, अल्कोहॉलने डागाळते आणि दमट हवेत तिच्यावर पांढुरकी झाक येते. कोकणच्या पावसाळ्यात हा दोष विशेष जाणवतो. म्हणून तयार तैलरंग व फवारणीचे रंग बाजारात आल्यावर पुष्कळ खेळण्यांवर लाखेऐवजी तेच देण्यात येऊ लागले. त्यांचे काम झटपट होते व किंमत कमी पडते. परंतु फिरत्या लाकडावर घोटलेल्या लाखेची मऊ झाक त्यांत येत नाही. गंजिफेवरील आघात याहून आधीचा व अधिक कठोर होता. कारखान्यात छापलेले ५२ पानांचे स्वस्त पत्ते घरोघरी पोहोचले, तसा हस्तचित्रित गंजिफेस ग्राहक उरला नाही.

१९७० च्या सुमारास गंजिफा करणारा जाणकार म्हणून पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीरच प्रामुख्याने उरले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली, तरुणांना शिक्षण दिले आणि ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने राजवाड्यातच उत्पादन सुरू केले. राजवाड्याच्या दरबारात बसून काम करणारे कारागीर हे तेव्हापासून तेथील वैशिष्ट्य बनले. १९८२ मध्ये रूडॉल्फ फोन लायडन यांचा भारतीय गंजिफेवरील ग्रंथ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातर्फे प्रसिद्ध झाला व या विषयाकडे जगातील अभ्यासकांचे लक्ष वेधले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकन लाभले.

मानांकनाने नावास संरक्षण मिळते, हातास नव्हे. गंजिफा आज खेळण्यापेक्षा संग्रहासाठी व भेटीसाठी अधिक घेतली जाते, त्यामुळे कारागिराचे उत्पन्न पर्यटकांच्या हौसेवर अवलंबून राहते. लाखेचा थर चढविण्याची कृती पुस्तकात लिहून ठेवता येते. परंतु कांडी किती दाबावी, केवड्याचे पान केव्हा फिरवावे आणि कोठे थांबावे, हे चरकाजवळ बसूनच शिकावे लागते. एका वृद्ध कारागिराकडून ही विद्या वेळीच पुढच्या पिढीकडे गेली, म्हणून ती टिकली. यापुढेही तिचे भवितव्य चितारआळीत किती नवे हात चरकावर बसतात, यावरच ठरणार आहे.