प्लेगची लस आणि तुलनेची कसोटी

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. लोक शहर सोडून गावाकडे पळू लागले. सरकारने घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण हे मार्ग धरले. त्यांतून रोग हटला नाही, संताप मात्र वाढला. त्याच काळात वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार करत होते. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णतेने मारले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

लस माणसाला सोसते, एवढेच त्यावरून कळले. ती प्लेग रोखते का, हे ठरवायला तुलना हवी होती. जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार असलेल्या, जवळपास निम्म्या कैद्यांना लस दिली गेली. दोन्ही गटांचे अन्न आणि आवार एकच होते. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, पण दोघेही वाचले.

तरीही एक शंका उरत होती: स्वखुशीने पुढे आलेले कैदी मुळातच अधिक धडधाकट असतील तर? १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावी या शंकेचे उत्तर शोधले गेले. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली, म्हणजे घर, अन्न आणि संसर्गाचा धोका दोन्ही बाजूंना सारखाच राहिला. पुढे ज्या घरांत प्लेग आला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले.

प्लेग आयोगाने पुढे हा पुरावा तपासला. लसीने आजार आणि मृत्यू कमी होतात, पण संरक्षण पूर्ण मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लसीनंतर १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. मात्र धनुर्वाताचे जंतू प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात बाटली उघडताना लसीत शिरले असावेत, असे पुराव्यांच्या फेरतपासणीतून दिसले. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.