चिनी अक्षरांचा रेषाक्रम आणि भिक्षू चिह-युंग

'बुद्ध' हा शब्द चिनी भाषेत 'फो' असा उच्चारतात व एकाच अक्षराने लिहितात. या अक्षराच्या सात रेषा आहेत. पहिल्या दोन डावीकडे काढावयाच्या असतात. त्यांनी 'मनुष्य' हे अंग सिद्ध होते. उरलेल्या पाच उजवीकडे येतात व त्या केवळ उच्चार सुचवितात. शिकणाऱ्यास हा क्रम बदलण्याची मुभा नसते.

असे नियम थोडेच आहेत. वरची रेषा आधी, खालची नंतर. डावी आधी, उजवी नंतर. आडवी उभीला छेदत असेल तर बहुधा आडवी आधी. अक्षराला चौकट असेल तर ती तीन बाजूंनी काढून आतला भाग भरावयाचा आणि तळाची रेषा शेवटी ओढावयाची. माणूस घरात शिरल्यावर दार लावावे, असे चिनी शिक्षक मुलांना समजावितात.

अक्षर शेवटी सारखेच दिसत असेल तर या क्रमाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर जलद लेखनात आहे. घाईने लिहिताना कुंचला कागदावरून उचलला जात नाही. एका रेषेचे टोक दुसरीस जोडले जाते. कोणती रेषा कोणत्या रेषेस जोडली जाईल, हे क्रमच ठरवितो. क्रम चुकला की जोड चुकतो आणि लिहिलेले दुसऱ्यास वाचता येत नाही. तथापि हा क्रम अपौरुषेय नव्हे. 'उजवा' या अर्थाच्या अक्षरात चीनमध्ये आडवी रेषा आधी काढतात, तर जपानमध्ये तिरपी. माणसांनी परस्परांना समजावे म्हणून माणसांनीच केलेला हा संकेत आहे.

या विद्येच्या प्रसारात एका भिक्षूचे नाव अग्रभागी येते. सम्राट वू (इ. स. ५०२ ते ५४९) याच्या काळी एकही अक्षर पुन्हा न येणारा एक हजार अक्षरांचा पाठ रचला गेला. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिक्षू चिह-युंग याने तो दोन प्रकारे लिहिला. प्रत्येक अक्षर आधी सुट्या रेषांत आणि त्याच्या शेजारी जलद वळणात. त्यामुळे सुट्या रेषा एकमेकींत कशा मिसळतात, हे विद्यार्थ्यास डोळ्यांनी पाहता येई. चिह-युंग हा थोर लेखनकार वांग शी-चिह याचा सातव्या पिढीतील वंशज होता. घराण्याची ही विद्या त्याने घरात ठेवली नाही. त्याने आठशे प्रती लिहून विहारांना वाटल्या, असे परंपरा सांगते. झिजलेल्या कुंचल्यांची त्याने समाधी बांधली, अशीही कथा आहे.

चीनमध्येही अक्षरविद्या सर्वांच्या वाट्यास आली नव्हती, हे आम्ही विसरत नाही. परंतु तुन-हुआंगच्या लेण्यात १९०० साली सापडलेल्या कागदांत नवव्या-दहाव्या शतकांतील विद्यार्थ्यांचे गिरवणेही आहे. एकेक अक्षर ओळभर पुन्हा पुन्हा लिहिलेले. तेथील विहारांच्या शाळांत गृहस्थांची मुलेही शिकत होती.

या गिरवण्याशी आमचाही संबंध आहे. ह्युएन-त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता. येथे शंभराहून अधिक संघाराम व पाच हजारांहून अधिक भिक्षू असल्याची नोंद त्याच्या प्रवासवृत्तात आहे. इ. स. ६४६ मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ भिक्षू प्येन-ची याने शब्दबद्ध केला. पुढे शतकानुशतके नकलकारांनी त्याच्या प्रती केल्या. येथील विहार ओस पडले, त्यांची स्मृती लोपली. दूरदेशीच्या त्या अक्षरांत मात्र ती टिकून राहिली.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांना या इतिहासाचे मोल वेगळे सांगावयास नको. आपला इतिहास ज्या हातांनी राखला, त्या हातांना कोणीतरी आधी रेषा काढावयास शिकविले होते. 'फो' लिहिताना त्या हातांनी पहिल्या दोन रेषा मनुष्याच्याच काढल्या.