इसामपूर : आद्य पुराश्मयुगातील अवजारांचा कारखाना

कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात, हुणसगी खोऱ्यात इसामपूर हे गाव आहे. हा परिसर पूर्वी गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात मोडत असे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी १९९७ पासून येथे केलेल्या उत्खननात आद्य पुराश्मयुगीन मानवाची दगडाची खाण आणि अवजारे घडविण्याची जागा उजेडात आली.

या कारखान्याला भिंती वा छप्पर नव्हते. त्याची ओळख पटली ती कारागिरांनी मागे टाकलेल्या दगडी कचऱ्यावरून. जमिनीलगतच्या चुनखडकातून सोयीच्या जाडीच्या लाद्या निवडल्या जात. कठीण दगडांच्या हातोड्यांनी त्यांचे छिलके उडवून हातकुऱ्हाडी व फरशा घडविल्या जात.

नद्यांच्या गाळात सापडणारी अवजारे बहुधा प्रवाहाबरोबर वाहत आलेली असतात. त्यांची मूळ जागा कळत नाही. इसामपूरला मात्र लाद्या, हातोडे, छिलके आणि अर्धवट घडविलेली अवजारे एकत्र, जागच्या जागी आढळली. त्यामुळे कामाचा क्रम जुळविता आला. येथील प्राण्यांच्या दातांवर ‘इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स’ पद्धतीने केलेल्या चाचणीत काळ सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा निघाला.

अशा स्थळावरील एखादा सुबक दगड कुतूहलाने उचलला किंवा तेथील माती उपसली, तर हा क्रम कायमचा मोडतो. म्हणूनच अवजारांइतकेच त्यांच्याभोवतीच्या छिलक्यांचेही जतन आवश्यक ठरते.