बहुप्रक्रियक संगणकांतील कार्यनियोजन

अनेक प्रक्रियक (प्रोसेसर) असलेल्या संगणकात कोणते काम कोणत्या प्रक्रियकाने व कोणत्या क्रमाने करावयाचे, हे ठरविण्याच्या पद्धतीस कार्यनियोजन म्हणतात. भारतातील या विषयाचा इतिहास पुण्याच्या ‘परम’ महासंगणकाशी निगडित आहे. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे महासंगणक मिळविणे अवघड झाले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच अतिवेगवान प्रक्रियक घडविण्याऐवजी इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर परस्परांस जोडण्याचा मार्ग त्यात पत्करला होता.

अशा यंत्राचे मोठेपण प्रक्रियकांच्या संख्येवरून सांगण्याचा प्रघात आहे. तो दिशाभूल करणारा आहे. संख्या वाढविल्याने काम लांबूही शकते, हे आर. एल. ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये दाखविले होते. त्यांच्या उदाहरणातील परस्परावलंबी नऊ कामे तीन प्रक्रियकांवर १२ एकक काळात संपतात. कामांचा अग्रक्रम तोच ठेवून चौथा प्रक्रियक दिला, तर १५ एकक काळ लागतो. किरकोळ कामे लवकर मोकळी होऊन सर्व प्रक्रियक अडवितात व सर्वांत लांब काम मागे पडते, हे त्याचे कारण.

ट्रान्सप्युटरमध्ये उच्च व निम्न अशा दोन अग्रक्रमांचे नियोजन यंत्रातच अंगभूत होते. उच्च अग्रक्रमाचे काम स्वतः थांबेपर्यंत चाले. निम्न अग्रक्रमाची कामे आळीपाळीने चालत. मात्र प्रत्येक ट्रान्सप्युटरची स्मृती स्वतंत्र असल्याने कामांची वाटणी व संदेशांची देवाणघेवाण यांचा भार मुख्यतः आज्ञावली लिहिणाऱ्यावर राही.

ठरावीक मुदतीत उत्तर देणे बंधनकारक असलेल्या वास्तवकालीन प्रणालींत हा प्रश्न अधिक बिकट होतो. जवळची मुदत असलेले काम आधी करावे, हा नियम एका प्रक्रियकावर पूर्ण क्षमतेपर्यंत निर्दोष चालतो, हे लिऊ व लेलँड यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. दोन प्रक्रियकांवर मात्र तो फसू शकतो: अगदी लहान दोन कामे दोन्ही प्रक्रियक घेतात, आणि किंचित नंतरची मुदत असलेले दीर्घ काम उशिरा सुरू होऊन मुदत चुकविते, वास्तविक एकूण भार क्षमतेच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो.

२०२४ मध्ये ‘परम रुद्र’ मालिकेतील एक महासंगणक पुणे जिल्ह्यातील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीस मिळाला. काही मिलिसेकंदच टिकणाऱ्या रेडिओ स्फोटांचा शोध हे त्याचे एक काम होय.